रिकाम्या घरात झोपणारा दलाल

त्यांच्या काखेत बारा महिने चटई असायची. पावसाळ्यात चटईवर प्लास्टिकचा कागद चढायचा आणि दुसऱ्या हातात छत्री यायची, एवढाच फरक. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, खाली पायजमा, पायांत टायरच्या चपला. पेणच्या बाजारात ‘चटईवाले’ म्हटलं की कुणीही बोट दाखवायचं. त्यांना नाव होतंच, पण ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही. आम्ही काका म्हणायचो. ते मला ‘बाई’ म्हणायचे, कारण मी रोह्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते.

धंदा घरं दाखवण्याचा, म्हणजे दलालीचा. पण दुकान नाही, पाटी नाही. एका गणपतीच्या कारखान्याच्या पडवीत जुना बाक होता, तीच त्यांची बसायची जागा. मागं फळ्यांवर अजून रंग न लागलेल्या, डोळे न उघडलेल्या मूर्ती ओळीनं बसलेल्या, आणि त्यांच्यापुढं हे चटई मांडीवर घेऊन बसलेले. श्रावण लागला की मूर्तींना जागा पुरायची नाही, मग बाकावरही मूर्ती यायच्या आणि काका समोरच्या पिंपळाच्या पारावर जाऊन बसायचे. तक्रार नाही. म्हणायचे, ‘त्यांना दीड महिन्यात घर मिळतं, माझ्या गिऱ्हाइकांना वर्ष लागतं. जागा त्यांनाच दिली पाहिजे.’

घर दाखवण्याआधी ते स्वतः त्या घरात एक दुपार झोपायचे. ही त्यांची अट होती. घरमालकानं किल्ली दिली तरच ते घर त्यांच्या यादीत यायचं, आणि यादी कुठं लिहिलेली नसायची. उंबऱ्याबाहेर मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, आत जाऊन मधल्या खोलीत चटई पसरायची, सदऱ्याची वरची दोन बटणं सोडायची आणि डोळे मिटायचे. दोन तास, कधी तीन. उठल्यावर भिंतीला पाठ लावून गप्प बसायचे आणि झोपेत काय काय दिसलं ते आठवायचे. त्यावर त्या घराचा निकाल.

लोक हसायचे. कुणी म्हणायचं, अंगात येतं त्यांच्या. त्याचा मात्र त्यांना राग यायचा. एकदा मीच विचारलं होतं, स्वप्नावरून घर कसं कळतं म्हणून. ते म्हणाले, ‘बाई, मी काय भगत नाही. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. नाकही मिटत नाही. दिवसा जे ऐकायला सवड नसते ते झोपेत आत जातं आणि मन त्याची गोष्ट करतं. मी ती गोष्ट उलगडून बघतो, बास.’

आधी तीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणी खात्यात काढली होती. गावोगाव जायचं, जमिनीवर साखळी धरायची, नकाशे करायचे. मुक्काम देवळात, शाळेच्या पडवीत, कुणाच्या गोठ्याशेजारी. त्या काळात इतक्या ठिकाणी पाठ टेकली की जागाजागांची झोप त्यांना वेगवेगळी ओळखू यायला लागली. नागोठण्याकडं एका बंद घरात ते असेच झोपले असताना शेजारणीनं खिडकीतून पाहिलं, आत मेलेला माणूस पडलाय म्हणून गाव गोळा केला. पोलीस पाटील आले, त्यांनी दार ढकललं. काका उठून बसले आणि पाटलांना पहिला प्रश्न केला की या आळीत कुत्री किती आहेत. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि सांगताना जराही हसायचे नाहीत.

आम्ही घर शोधत होतो तेव्हा रेल्वे रोह्यापर्यंतच यायची. पुढं कोकणात रूळ टाकायचं काम चाललं होतं. हे, म्हणजे माझे यजमान, धाटावला रसायनाच्या एका कंपनीत होते. तीन शिफ्ट, आठवड्याला बदलणाऱ्या. पहिली आणि दुसरी शिफ्ट निभायची. तिसरीला रात्रभर काम करून सकाळी घरी यायचे आणि मग त्यांना झोपच लागायची नाही. आमच्या दोन खोल्या भाड्याच्या, वरच्या मजल्यावर. खाली मालकांचा मोठा संसार. भांडं पडलं, कडी वाजली, जिन्यावर मूल धावलं की हे ताडकन उठायचे. मी खिडक्यांना जाड पडदे लावले, मालकिणीला विनवलं, कडीला चिंधी बांधली. पण शांतता केली की मधूनच होणारा आवाज जास्तच मोठा वाटायचा.

त्या वर्षी भाद्रपदात, तिसऱ्या शिफ्टला, काम चालू असतानाच ह्यांचा डोळा लागला. एक झडप बंद करायची राहिली. शेजारच्या माणसाच्या वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. कंपनीनं लेखी ताकीद दिली. ते पत्र ह्यांनी मला दाखवलं नाही. धुवायच्या शर्टाच्या खिशात सापडलं. मी ते वाचून पुन्हा खिशात ठेवलं आणि शर्ट तसाच खुंटीला अडकवला. त्या दिवशी मी ठरवलं की आता स्वतःचं घर घ्यायचंच, आणि ते असं की जिथं हा माणूस दिवसा झोपेल.

घर घ्यायचं म्हणजे आधी दलाल निवडायचा, हे तोवर आम्हांला माहीत नव्हतं. आमच्या दोन्ही घरांत त्याआधी कुणी घर विकत घेतलेलं नव्हतं. रोह्यात एक पानटपरीवाला हे काम करायचा. तो टपरीतून उठायचाही नाही, किल्ली हातात देऊन लांबूनच घर दाखवायचा. दुसरा पेणचा, वयानं तरणा, मोटरसायकलवरून फिरणारा. त्याच्याकडं नकाशे, रंगीत चित्रं, सगळं प्लास्टिकच्या फायलीत. रामवाडीला हमरस्त्याजवळ नवी इमारत उठत होती, तिच्यातल्या जागा तो विकत होता. बोलायला गोड. ह्यांना तो आवडला. यष्टी स्टँड जवळ, बाजार जवळ, नळाला पाणी, आणखी काय पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं.

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तिसरं नाव सुचवलं. म्हणाल्या, ‘माणूस सज्जन आहे. फक्त घरात झोपतो.’

मी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गाडीनं पेणला गेले. काकांनी मला बाकावर बसवलं, कारखान्यातल्या पोराकडून चहा मागवला आणि विचारलं, घर कुणासाठी. मी म्हटलं, आमच्यासाठीच. ‘तसं नव्हे,’ ते म्हणाले, ‘झोप कुणाची मोडलीय?’ परक्या माणसासमोर डोळ्यांत पाणी आलं याची लाज वाटली, पण मग त्या ताकिदीच्या पत्रापर्यंत सगळं सांगून टाकलं. ज्या माणसाला हे पहिल्यांदा सांगावंसं वाटलं तोच आपला दलाल, असं मी गाडीत परत येताना मनाशी ठरवून टाकलं. ह्यांना अर्थातच हे पटलं नाही.

पहिलं घर त्यांनी दाखवलं ते पेणच्या पश्चिमेला, खाडीकडच्या गावात. खरं तर दाखवायला नेलं नव्हतं, त्यांची स्वतःची झोप व्हायची होती, मीच हट्टानं बरोबर गेले. घर बघितलं आणि मी हरखून गेले. कौलारू, ऐसपैस ओटी, आणि ओटीवरून थेट मिठागरं दिसायची. उन्हात पाण्याचे चौकोन चकाकत होते, कडेनं मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि वारा असा की अंगावरची साडी सांभाळत बसावं लागावं. काका आत झोपले. मी ओटीच्या खांबाला टेकून बसले. किती वेळ गेला कळलं नाही. सगळं इतकं पांढरं आणि संथ होतं की आपण कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीत बसलोय असं वाटत होतं. मी मनातल्या मनात तुळस कुठं लावायची, कपडे कुठं वाळत घालायचे, तेही ठरवून टाकलं.

काका उठून बाहेर आले ते तोंड वाईट करूनच. म्हणाले, स्वप्नात ताक पीत होतो, ते सारखं खारट लागत होतं. मी म्हटलं, समोर मिठागर आहे, वाऱ्यानं ओठांवर मीठ येणारच. ते म्हणाले, तसंही असेल. पण अमावास्येला पुन्हा या.

अमावास्येच्या दुपारी खाडीला उधाण होतं. आम्ही विहिरीवर गेलो. शेजारची एक म्हातारी कळशी घेऊन आली होती, जन्मभर मिठागरात राबलेली, हातांना भेगा पडलेल्या. काकांनी तिच्या कळशीतलं पाणी माझ्या ओंजळीत ओतायला सांगितलं. मी प्यायले आणि थुंकले. म्हातारी म्हणाली, ‘उधाण आलं का असंच व्हतं गो. चार दीस. मंग परत गोडं येतं. आमाला काय, सवय हाय.’

मी तरीही म्हटलं की चार दिवस काढता येतील, पाणी साठवून ठेवता येईल. काकांनी चटई काखेत घेतली, मालकाला किल्ली परत केली आणि गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले की ज्याला रात्रपाळी करून यायचंय त्याला घरी आल्यावर गोडं पाणी मिळालं पाहिजे. मला वाईट वाटलं. त्या घराचा मालक दलाली देणारच होता, आणि मी हो म्हणायला तयार होते. आपल्या हातचं गिऱ्हाईक असं सोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

हे मात्र चिडले. दोन महिने झाले, एक घर दाखवलं आणि तेही नको म्हणून सांगितलं. हा दलाल आहे की वैद्य, असं म्हणाले. रामवाडीचा तो तरुण आठवड्यात दोनदा निरोप पाठवत होता, जागा संपत आल्या म्हणून. ह्यांनी त्याला पुढच्या पंधरवड्यात इसार द्यायचं कबूल केलं. मी अबोला धरला. आमच्या लग्नानंतरचा तो पहिला मोठा अबोला.

त्याच आठवड्यात रविवारी काका न सांगता रोह्याला आमच्या खोलीवर आले. हे तिसरी शिफ्ट करून आले होते, डोळे लालभडक, पडून कूस बदलत होते. काकांनी घड्याळ उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि विचारलं, इथं जरा पडू का. ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. काका आमच्या फरशीवर झोपलेसुद्धा. अर्ध्या तासात खाली काहीतरी आपटलं आणि दोघेही एकदमच उठून बसले. ते बघून ह्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

मग काकांनी ह्यांना विचारायला सुरुवात केली. कोणत्या कुशीवर झोपता. अंगावर पांघरूण लागतं का. आयुष्यात सगळ्यांत गाढ कुठं झोपला होतात. हे पहिल्यांदा वैतागून उत्तरं देत होते. शेवटच्या प्रश्नाला मात्र आवाज निवळला. म्हणाले, ‘कोलाडला. बाप गिरणीवर होता, भाताच्या. आई भाकरी घेऊन जायची तेव्हा मला पोत्यांवर टाकायची. शाळेत जाईपर्यंत दुपारी तिथंच झोपायचो मी.’ काकांनी मान हलवली, चहा घेतला आणि गेले.

चार दिवसांनी निरोप आला की उद्या सकाळी शिफ्टवरून सुटल्यावर यजमानांना घेऊन या, त्यांना घरी झोपू देऊ नका. पत्ता रोह्यातलाच होता. मी शाळेतून अर्धी रजा काढली. दोघं गेलो. गल्लीच्या तोंडाशीच धडधड ऐकू आली. एक भातगिरणी, आणि तिच्या पाठीला पाठ लावून दोन खोल्यांचं बैठं घर. बाजूला छोटं परस, त्यात एक शेवगा. गिरणी चालू होती. तिचा पट्टा फिरत होता आणि घराची भिंत हाताला थरथरल्यासारखी लागत होती. दोन वर्षं ते घर रिकामं पडलेलं होतं. भाड्यानंसुद्धा कुणी घेत नव्हतं.

ह्यांचा तोल सुटला. ‘माझी थट्टा करताय काय?’ ते काकांना म्हणाले. ‘झोप येत नाय म्हणून घर शोधतोय, आन् तुम्ही मला गिरणीच्या मागं आणताय?’

काकांनी चटई पसरली. त्या दिवशी दोन आणल्या होत्या. म्हणाले, ‘रागवा, पण आडवे होऊन रागवा.’

काय वाटलं कुणास ठाऊक, हे खरंच आडवे झाले. बहुधा पाय गळून गेले होते. आडवे पडून त्यांनी रामवाडीच्या इमारतीबद्दल बोलायला सुरुवात केली. तिथं काय काय आहे, इथं काय नाही. बोलता बोलता आवाज खाली गेला, एक वाक्य अर्ध्यावर राहिलं, आणि मग काहीच नाही. मी वाकून पाहिलं. तोंड किंचित उघडं होतं, हात उशाशी, एखाद्या लहान मुलासारखा. काकांनी माझ्याकडं पाहून बोट ओठांवर ठेवलं, मग स्वतःच्या लक्षात आलं की त्या धडधडीत बोट ठेवायची काही गरज नाही, आणि ते दुसऱ्या चटईवर झोपून गेले.

त्या रिकाम्या घरात मी दोन झोपलेल्या माणसांमध्ये बसून होते. गिरणीचा कोंडा कुठूनतरी आत येत होता, उन्हाच्या पट्ट्यात सोन्यासारखा तरंगत होता आणि ह्यांच्या केसांवर हळूहळू उतरत होता. सगळं घर एका लयीत हलत होतं, पाळण्यासारखं. मला ह्यांची आई आठवली. मी तिला फोटोतच पाहिली होती, पण त्या दिवशी ती परसाच्या दारातून डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन येईल असं मला सारखं वाटत राहिलं. मी रडले असेन. नक्की सांगता येत नाही, तोंडावरही कोंडाच होता.

दुपारी जेवणासाठी गिरणी थांबली तेव्हा हे जागे झाले. पाच तास झोपले होते. उठून त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. मग मला म्हणाले, ‘बंद का झाली?’

रामवाडीला इसार गेला नाही.

त्या घरात आम्ही तेवीस वर्षं काढली. तिसरी शिफ्ट असली की हे सकाळी आंघोळ करून आडवे व्हायचे, गिरणी चालू व्हायची आणि ह्यांचा श्वास लांब व्हायचा. वीज गेली की गिरणी थांबायची आणि हे ‘कोण हाय?’ म्हणत उठून बसायचे. पुन्हा कधी ताकीद आली नाही. काका पहिली काही वर्षं रोह्याला आले की डोकावायचे. घरात यायचे नाहीत. ‘झोपलेत ना?’ एवढं बाहेरूनच विचारायचे आणि निघायचे. मग त्यांचं येणं कमी झालं. पेणच्या पडवीतला बाक गेला, कारखाना वाढला. काका पुतण्याकडं, पेणपुढच्या जिते गावी राहायला गेलेत असं कळलं.

गिरणी आधी बंद पडली, मग पाडायची ठरली. तिथं तीन मजली इमारत होणार होती. तोवर हे निवृत्त झाले होते, मीही झाले होते. आमचं घर पाठीला भिंत नसलेल्या माणसासारखं झालं. मुलगी पेणला दिलेली, तिनं तिकडंच घर घ्या म्हणून लकडा लावला. आणि मग मी पुन्हा एकदा गाडीत बसले, पेणच्या पुढं, जित्यापर्यंत.

पुतण्याच्या बायकोनं दार उघडलं. ‘वळखायचे नाय तुमाला,’ ती म्हणाली, ‘पन बसा. बोलतात बरं.’ काका पडवीत आरामखुर्चीत होते. फार वाळले होते. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मी म्हटलं, रोह्याचं गिरणीमागचं घर. त्याबरोबर ते बोलायला लागले. परस पूर्वेला, शेवगा डाव्या हाताला, आतल्या उंबऱ्यापाशी एक फरशी हलते. ती फरशी आम्ही कधीच बसवून घेतली होती, पण मी तसं म्हटलं नाही.

‘कोण झोपतं आता तिथं?’ त्यांनी विचारलं.

मी गिरणीचं सांगितलं, ह्यांचं सांगितलं. निवृत्त झाल्यावर ह्यांना रात्रीची साधी झोप लागते, दिवसाची गरज उरली नाही, हेही सांगितलं.

‘आणि तुम्हांला?’

‘मला काय?’

‘झोप लागायची का त्या घरात?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. पहिली शिफ्ट असली की चारला उठून डबा करायचा. दुसरी असली की ह्यांची सायकल वाजेपर्यंत जागं राहायचं. तिसरी असली की घरात एकटीनं कडीकडं तोंड करून पडायचं. तेवीस वर्षं मी एकाच कुशीवर झोपत आले होते, दाराकडं तोंड करून, आणि तेही तुकड्यातुकड्यानं. मी हे सगळं काकांना सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी डोळे मिटले तेव्हा वाटलं झोपले, पण झोपले नव्हते.

माझं संपल्यावर ते म्हणाले, ‘त्या वेळी विचारायला पाहिजे होतं. माझ्याकडून राहिलं.’ मोजणीतली चूक फार वर्षांनी सापडावी आणि ती मान्य करावी, तसं ते म्हणाले. मला त्यांना धीर द्यावासा वाटला. मी म्हटलं, मीही कधी सांगितलं नव्हतं. त्यावर ते म्हणाले, ज्यानं विचारायचं त्यानं विचारायला हवं.

मी त्यांना नव्या घरासाठी सल्ला मागितला. त्यांनी हात हलवला. ‘आता मला कुठंही झोप लागते बाई, बसल्या बसल्या. अशा माणसाच्या झोपेवर घर घेऊ नये. तुम्हीच झोपून बघा.’

मग मी ते केलं. साठीला आलेली मास्तरीण, पेणमध्ये रिकाम्या घरांत दुपारी झोपायला लागले. घरं दाखवायला एक मुलगी होती, स्कूटरवरून फिरायची. पहिल्यांदा तिला वाटलं मला चक्कर आली. नंतर ती दार लोटून बाहेर फोनवर बोलत बसायची. एका घरात फरशी इतकी गार की कंबर धरली. दुसऱ्यात मी तासभर छताकडं बघत राहिले. तिसऱ्यात डुलकी लागली, पण शाळेची घंटा झाली असं वाटून दचकून उठले. चौथं घर स्टेशनच्या बाजूला, तळमजल्याचं, मागं भातशेती. मी एक वाजता पडले. जागी झाले तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं आणि ती मुलगी दारावर थापा मारत होती. मी उताणी झोपले होते, दोन्ही हात पसरून. लग्नाआधी माहेरी अशी झोपत असेन. मी लगेच उठले नाही.

दुसऱ्याच दिवशी जित्याला गेले. काकांना या वेळी मी बरोबर आठवत होते. त्यांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, काहीच नाही, स्वप्नच पडलं नाही. त्यांचा चेहरा फुलला. तोंडात दात उरले नव्हते, पण मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग ते थांबले आणि म्हणाले, ‘यजमानांना विचारलंत?’

मी नाही म्हटलं. मला जरा रागच आला. इतक्या वर्षांनी एक घर माझ्या झोपेचं मिळत होतं, त्यातही ह्यांना विचारायचं? पण गाडीत बसल्यावर राग ओसरला. काका एक चूक पुन्हा होऊ देत नव्हते, एवढंच होतं ते.

संध्याकाळी हे परसात शेवग्याच्या शेंगा काढत होते. मी सरळच विचारलं. पेणला एक घर आहे, तिथं मला झोप लागली, तुम्हांला लागेल का, तुम्ही येऊन झोपून बघता का. हे काठी खाली ठेवून माझ्याकडं वळले.

‘मला कशाला बघायला लागतंय?’ ते म्हणाले. ‘तू जागी असलीस की मला कळतं. झोपेतपन कळतं. पहिल्यापासून. तू झोपतेस ना तिथं? मग झालं.’

इतकं बोलून त्यांनी पुन्हा काठी उचलली. मी खाली पडलेल्या शेंगा गोळा करायला वाकले, कारण मला तोंड लपवायचं होतं.

ह्यांचं उत्तर काकांना सांगायला मी पुढच्या रविवारी जित्याला गेले. पुतण्याच्या बायकोनं हळूच दार उघडलं. काका पडवीत, आरामखुर्चीत झोपले होते. मान एका बाजूला कललेली, सदऱ्याची वरची बटणं सोडलेली. मागून रूळ जातात, त्यावरून एक मालगाडी लांबच लांब जात होती, तरी त्यांची पापणी हलली नाही.

‘उठवू?’ तिनं विचारलं.

मी नको म्हटलं. पायरीवर बसून तिनं दिलेला चहा प्यायले, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली तशी निघाले.